दिवाळीनंतर चान्स घ्यायचाय, आधीपासून खाण्यात आणि व्यायामात नक्की काय बदलू?

सिडकोची_सून

मैत्रिणींनो पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. मी २९ वर्षांची, लग्नाला अडीच वर्षं झाली, दिवाळीनंतर चान्स घ्यायचा असं आम्ही दोघांनी ठरवलंय. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका कंपनीत अकाउंट्सला आहे, सकाळी साडेआठला घर सोडते ते संध्याकाळी साडेसहाला परत, दिवसभर खुर्ची. उंची ५ फूट २ इंच, वजन ७१. ऑफिसच्या चेकअपमध्ये हिमोग्लोबिन १०.२ आलं, शुगर आणि थायरॉइड नॉर्मल. पाळी ३० ते ३३ दिवसांनी येते.

आता गंमत अशी की घरात फक्त विषय निघाला आणि जो तो डॉक्टर झालाय. सासूबाई म्हणतात बाजरी, तीळ, पपई सगळं बंद, उष्ण पडतं, आणि रक्त वाढायला रोज बीट खा, शिवाय अळिवाचे लाडू करून डबा भरून ठेवलाय. आई म्हणते जिम सोड, उड्या मारून पिशवी सरकते. जिमचा ट्रेनर म्हणतो भात पोळी एकदम बंद, रोज दीड तास, दोन महिन्यांत १० किलो उतरवून देतो. आणि इन्स्टावर बघावं तर सीड सायकलिंग, चौदा दिवस जवस आणि भोपळ्याच्या बिया, चौदा दिवस तीळ आणि सूर्यफूल. म्हणजे तीळ सासूबाईंच्या यादीत बंद आणि इन्स्टाच्या यादीत सुरू!

माझ्या सवयी खऱ्या खऱ्या सांगते. दिवसाला पाच कप चहा, त्यातला एक जेवणानंतर लगेच. रविवारी मिसळ ठरलेली, नाशिककर आहे शेवटी. सोमवार आणि चतुर्थीचा उपास, आता श्रावण लागला म्हणजे साबुदाणा खिचडी आलीच. अंडी खाते पण घरात करत नाहीत, बाहेरच. व्यायाम म्हणाल तर जिमची फी भरली होती जानेवारीत, पुढचं विचारू नका.

तर खरंच फरक पडतो असं काय आणि नुसतं ऐकीव काय? नोकरी सांभाळून जमेल असं सांगा प्लीज, पाच वाजता उठून सात प्रकारचे ज्यूस मला होणार नाहीत.

डबा_आणि_डाएट

मी आहारतज्ज्ञ आहे, कॉलेज रोडला बसते, पण इथे मैत्रीण म्हणूनच लिहितेय, तुझे रिपोर्ट बघितलेले नाहीत हे लक्षात ठेव.

तू एवढं मोठं लिहिलंस आणि त्यात सगळ्यात महत्त्वाचा शब्दच नाही, फॉलिक अ‍ॅसिड. बीट, तीळ, पपई सगळं बाजूला ठेव आणि आधी हे कर. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची जी नळी असते ती गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बंद होते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात, तेव्हा बऱ्याच जणींना कळलेलंही नसतं. मग सोनोग्राफीला जाऊन गोळी सुरू करतात तोवर ते काम होऊन गेलेलं असतं. म्हणून ४०० मायक्रोग्रॅम रोज, चान्स घ्यायच्या निदान एक महिना आधीपासून, तुझ्याकडे तीन महिने आहेत तर आत्तापासूनच, ते पुढे दिवस राहिल्यावर पहिले १२ आठवडे. पालेभाजी डाळीतून फोलेट मिळतं पण शिजवताना बरंच जातं, त्यामुळे गोळी ती गोळीच. एक गोष्ट मात्र बघ, मेडिकलवाल्याला नुसतं फॉलिक अ‍ॅसिड द्या म्हटलं की बऱ्याचदा ५ मिलिग्रॅमची पट्टी हातात येते. तो जास्तीचा डोस डायबेटिस असेल, फिटची औषधं चालू असतील, वजन खूप जास्त असेल किंवा आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल अशांना देतात. तुला कुठला लागेल ते डॉक्टर सांगतील, काउंटरवरचा मुलगा नाही.

दुसरं हिमोग्लोबिन. गरोदर नसलेल्या बाईचं १२ च्या खाली असलं की अ‍ॅनिमिया. तू एकटी नाहीस, २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका यात सापडल्या. पण १०.२ घेऊन गरोदरपणात शिरू नकोस, कारण तिथे रक्त पातळ होऊन तो आकडा अजून खाली येतो. बीटचं म्हणशील तर रंग लाल आहे म्हणून त्याला रक्ताचा मान मिळालाय, लोह त्यात फारसं नसतं. गुळाचंही तसंच, चमचाभर गुळानं काही होत नाही. त्यापेक्षा लाल माठ, चवळईची पालेभाजी, राजगिरा, मोड आलेली मटकी, हरभरे, बाजरीची भाकरी, आणि भाजी लोखंडी कढईत. वरून लिंबू पिळायचं किंवा शेजारी पेरू, आवळा, कारण क सत्त्व असलं की भाज्यांतलं लोह अंगी लागतं. आणि जेवणानंतरचा तो चहा! तोच तुझा चोर आहे. जेवण आणि चहा यांत किमान तासाभराचं अंतर ठेव, एवढं एक केलंस तरी कढईचं काम वाया जाणार नाही. एकूण चहाही दोन तीन कपांवर आण, कॅफीन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात.

नुसत्या खाण्यानं १०.२ चे १२ तीन महिन्यांत होतीलच असं नाही, लोहाची गोळी लागेल बहुतेक. पण त्याआधी डॉक्टरांना विचारून फेरिटिन (अंगात लोहाचा साठा किती ते कळतं) आणि एचपीएलसी (थॅलेसेमियासाठीची रक्ततपासणी) करून घे. थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक दोष, त्यातला सौम्य म्हणजे मायनर असेल तर नुसतं लोह खाऊन हिमोग्लोबिन हलत नाही, आणि नवराबायको दोघंही मायनर निघाले तर बाळाला मेजर म्हणजे गंभीर प्रकार व्हायची शक्यता दर वेळी चारात एक असते. हे दिवस राहायच्या आधी कळलेलं केव्हाही बरं. बी१२ पण बघ, अंडं दूध कमी असलं की ते बऱ्याचदा कमी निघतं.

अळिवाचे लाडू सासूबाईंना म्हणावं बाळंतपणासाठी राखून ठेवा, त्यांचा मान राहील आणि तुझाही. सीड सायकलिंगनं हॉर्मोन जागेवर येतात असं ठामपणे सांगावं इतका पुरावा नाही, पण जवस तीळ चांगलेच आहेत, चटणी करून रोज खा, तारखा कशाला बघायच्या.

ट्रॅकवरची_मी

वजनाबद्दल मी लिहिते कारण मी त्यातून गेलेय. मला पीसीओडी, म्हणजे हॉर्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास होता, पाळी दोन दोन महिने गायब, वजन ७८. मीही अशाच एका ट्रेनरच्या नादी लागले होते, भात बंद पोळी बंद, सकाळी उकडलेलं अंडं आणि संध्याकाळी चिकनचा तुकडा, सहा आठवड्यांत ७ किलो उतरले खरे पण केस गळायला लागले, चिडचिड इतकी की नवरा घरी यायला घाबरायचा आणि पाळी जी यायची तीही थांबली. डॉक्टर म्हणाल्या अगं शरीराला वाटतंय दुष्काळ पडलाय, दुष्काळात कोण बाळ जन्माला घालेल. कमी खाऊन जास्त झिजलं की स्त्रीबीज सुटणंच बंद होऊ शकतं हे मला तोपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं.

मग सगळं सोडून साधं केलं. इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी अर्धा तास भरभर चालणं, म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही इतकं भरभर, आठवड्यातून पाच दिवस. हेच ते १५० मिनिटं जे सगळीकडे सांगतात. दोन दिवस घरी सूर्यनमस्कार आणि बाटल्यात पाणी भरून त्याचेच डंबेल्स. जेवणात काही बंद नाही, फक्त ताटाची वाटणी बदलली, अर्ध्या ताटात भाजी कोशिंबीर, आणि भाताच्या आधी डाळ उसळ. नऊ महिन्यांत ६ किलो उतरले, ट्रेनरच्या हिशोबानं अगदीच नापास, पण पाळी ३५ दिवसांवर आली. पीसीओडीत वजन ५ ते १० टक्के उतरलं तरी अनेकींना पाळीत फरक पडतो म्हणतात, माझ्या बाबतीत ते खरं ठरलं.

तुझी पाळी मुळात रेग्युलर आहे त्यामुळे तुला १० किलोची घाई नाही. ७१ चे ६७ झाले तरी खूप, आणि नाही झाले तरी चालणं आणि खाणं यांचा उपयोग होतोच, शुगर, बीपी, पुढे बाळंतपण. आणि आईंना सांग पिशवी उड्यांनी सरकत नाही, ती आत चांगली बांधलेली असते. 😄 चान्स घेतल्यावरही नेहमीचा व्यायाम चालू ठेवता येतो, मी विचारून घेतलं होतं.

पंचवटीच्या_काकू

काय गं पोरींनो, आम्हाला पण बोलू द्या थोडं. मी ६१ ची, दोन मुलं, चार नातवंडं. आमच्या वेळी कोणी गोळी दिली नाही न कोणी ट्रॅकवर नेलं नाही, पण आम्ही रामकुंडावरून धुणं धुवून आणायचो आणि जात्यावर नाही तरी पाट्यावर वाटायचोच, त्यामुळे व्यायाम वेगळा करावा लागत नव्हता, तुम्हाला तो वेळ काढून करावा लागतो एवढाच फरक.

उष्ण थंड पूर्ण खोटं आहे असं मी म्हणणार नाही, ज्याचं त्याचं अंग. पण तुझ्या सासूबाईंना म्हणावं पिकलेली पपई खाऊ द्या तिला, कच्चीचं म्हणतात ते वेगळं, तेही दिवस राहिल्यावर. आणि बाजरी काय उष्ण, संक्रांतीला सगळा खानदेश नाशिक तीळ लावलेली बाजरीची भाकरी खातो, तेवढ्यानं कुणाची घरं रिकामी राहिली नाहीत. आत्ता पावसाळा आहे म्हणून ज्वारीची कर, नाचणीची कर. नाचणीत कॅल्शियम किती असतं ठाऊक आहे का, माझी सून वाचून दाखवत होती, शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास.

उपासाचं मात्र मी सांगते, उपास मोडू नको पण साबुदाणा मोड. साबुदाणा म्हणजे नुसतं पीठ, वर तूप दाणे बटाटा, उपास कसला तो, सणच. भगर आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याचं थालीपीठ, ताक, एखादं फळ असं कर. निर्जळी वगैरे काही करायचं नाही, देवाला नातू हवा असेल तर तो एवढं समजून घेईल.

आणि त्र्यंबक हरसूलकडच्या बायका पावसाळ्यात कर्टुली, टाकळा घेऊन बसतात, त्या भाज्या घे, फक्त पावसाळ्यात पालेभाजी तीन पाण्यातून धुवायची. अजून एक, कुणी मिश्री लावत असेल घरात तर तिच्यापासून लांब राहा, माझ्या धाकट्या जावेनं दात साफ म्हणून लावली ती वीस वर्षं सुटली नाही. तंबाखूच आहे ती, दाताला लावली काय न तोंडात धरली काय.

सातपूरकर_८८

पुरुषानं इथे लिहिलेलं चालतं का माहीत नाही पण लिहितो, नाही चाललं तर काढून टाका. वर सगळं वाचलं, एका बाईनंही विचारलं नाही की नवरा काय करतोय. आमच्याकडे दोन वर्षं माझ्या बायकोनं डाएट केलं, गोळ्या घेतल्या, उपास केले, तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या, माझी कुणी केलीच नाही आणि मीही गप्प बसलो. शेवटी एका डॉक्टरांनी मला सांगितलं आधी तुम्ही करा, तीनशे चारशे रुपयांची टेस्ट आहे. शुक्राणूंचा काउंट कमी निघाला. मी भट्टीसमोर काम करायचो, दिवसाला चार पाच गुटख्याच्या पुड्या आणि शनिवारी दारूला बसणं ठरलेलं.

डॉक्टरांनी समजावलं की शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच तीन महिने लागतात, म्हणजे आज सुधारलं तर फरक तीन महिन्यांनी दिसणार. उष्णता वाईट, तंबाखू वाईट, मांडीवर लॅपटॉप ठेवून तास तास बसणंही चांगलं नाही. कंपनीत भट्टीवरून दुसरं खातं घेतलं, गुटखा सोडला, तो सोडताना जे हाल झाले ते लिहीत बसत नाही. पोरगी आता सव्वा वर्षाची आहे.

तर ताई, तुमचे तीन महिने ते तुमच्या नवऱ्याचेही तीन महिने आहेत. चालायला दोघं जा. घरात एकीचं ताट वेगळं आणि बाकीच्यांना वडे असं चार दिवसच टिकतं.

अजून_वाट

सगळ्यांचं बरोबर आहे पण मला थोडं वेगळं बोलायचंय. मी ३६ ची आहे. मी हे सगळं केलं, सगळं म्हणजे सगळं. मिसळ सोडली, चहा सोडला, साखर सोडली, दीड वर्ष पेडोमीटर लावून फिरले. दर महिन्याला पाळी आली की मी मागे जाऊन शोधायचे की या महिन्यात काय चुकलं, त्या लग्नात जिलबी खाल्ली म्हणून का, की त्या आठवड्यात चालले नाही म्हणून. शेवटी तपासणीत निघालं की दोन्ही गर्भनळ्या बंद आहेत. जिलबीचा काय संबंध होता सांगा. पण ते दीड वर्ष गेलं ते गेलंच, कारण जो तो म्हणायचा आधी वजन कमी कर मग बघू, एका ठिकाणी तर डॉक्टरांनीही माझ्याकडे न बघता तेच सांगितलं.

म्हणून तारीख लक्षात ठेव. ३५ च्या आत असशील तर वर्षभर प्रयत्न करून झालं नाही तर तपासणी, ३५ च्या पुढे सहा महिने. पाळी अनियमित असेल किंवा पोटात खूप दुखत असेल तर तेवढंही थांबायचं नाही. आणि दिवसांचा हिशोब, ३० ते ३३ दिवसांची पाळी म्हणजे बीज साधारण १६ ते १९ व्या दिवशी सुटत असेल, पुढच्या पाळीच्या १४ दिवस आधी धरायचं. बीज एखादा दिवसच टिकतं पण शुक्राणू पाच दिवस राहू शकतात, त्यामुळे बीज सुटायच्या आधीचे पाच दिवस आणि तो दिवस. कॅलेंडरवर लाल गोल मारून त्याच रात्री असं केलं की दोघांनाही परीक्षेला बसल्यासारखं होतं, दोन तीन दिवसांआड जवळ आलात तरी पुरतं.

मी आता आयव्हीएफच्या, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या रांगेत आहे. रविवारची मिसळ परत सुरू केलीय.

डबा_आणि_डाएट

अजून_वाट, तुझं वाचून थांबले जरा. आमच्याकडून हे होतं खरं, वजनाचा काटा बघितला की बाकीचं विचारायचं राहून जातं. तू लिहिलंस ते बरं केलंस.

सिडको, दोन गोष्टी राहिल्या. मिसळ सोडू नकोस, मटकी तर मी वरच सांगितली, फक्त तर्री वाटीभर आणि फरसाण मूठभर, आणि तिसरा पाव घेताना माझी आठवण काढ. दुसरं, पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर चान्स घ्यायच्या आधी त्या बंद कराव्याच लागतात, बंद केल्यावरही निदान महिनाभर थांबायचं, बाळाला गंभीर दोष होऊ शकतो. रुबेलाची लस झाली नसेल तर तीही आत्ताच, कारण लशीनंतर एक महिना दिवस राहू द्यायचे नसतात आणि गरोदरपणात ती देत नाहीत. थायरॉइड नॉर्मल म्हणतेस, तो रिपोर्टही घेऊन जा, नॉर्मलच्या आतही आकडा किती आहे ते डॉक्टर बघतील.

सिडकोची_सून

बाई गं, मला वाटलं दोन जणी पालक खा म्हणून सांगतील आणि संपेल. सगळ्यांचे आभार, अजून_वाट ताई तुमच्यासाठी मनापासून.

सातपूरकर दादा तुमची पोस्ट रात्री नवऱ्याला वाचायला दिली. आधी म्हणाला मी कुठे गुटखा खातो, मग पाच मिनिटांनी स्वतःच म्हणाला की ते लॅपटॉप मांडीवर घेऊन मॅच बघणं बंद करतो आणि टेस्टचं पण बघू. शनिवारी दोघांची डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतलीय. फॉलिक अ‍ॅसिड, हिमोग्लोबिन, एचपीएलसी, बी१२, रुबेला एवढं मोबाईलमध्ये लिहून ठेवलंय. पिंपल्सची गोळी माझी नाही पण माझी नणंद घेते, तिचं लग्न डिसेंबरात आहे, तिला लगेच फोन केला, तिला हे कुणीच सांगितलं नव्हतं!!

जेवणानंतरचा चहा दोन दिवस झाले चार वाजता घेतेय, डोकं ठणकतंय पण घेतेय. सासूबाईंना काकूंची पोस्ट मोठ्यानं वाचून दाखवली, नातवाचं वाक्य ऐकून हसल्या, म्हणाल्या कोण आहेत गं या, पंचवटीत कुठे राहतात. सोमवारी भगर आमटी करायचं कबूल केलंय. अळिवाचा डबा मात्र अजून टेबलावरच आहे, तो हलवायची माझी हिंमत नाही.

जिमऐवजी चालायचंच ठरवलंय. ऑफिसमुळे सकाळी साडेपाच पावणेसहालाच जमेल आणि सध्या हा असा पाऊस. कृषीनगरचा ट्रॅक की इंदिरानगरचा, पावसात कुठे कमी चिखल असतो? आणि त्या वेळी अंधारात बायका असतात का?

ट्रॅकवरची_मी

सिडकोहून इंदिरानगरच जवळ पडेल तुला. पावणेसहाला आम्ही सहा सात जणी असतोच, जोराचा पाऊस असला की पुलाखाली थांबून गप्पा मारतो आणि घरी जातो, तेही मी व्यायामात धरते. जुने बूट घालून ये, नवीन पांढरे आणू नकोस, कडेला चिखल आहे.

पंचवटीच्या_काकू

सासूबाईंना सांग गंगेवर, आपल्या गोदावरीवर आल्या की भेटायला या, मी रोज सकाळी असते तिथे. आणि तो अळिवाचा डबा त्यांच्याकडेच पाठव माझ्यासाठी, माझ्या धाकटीला बाळंत होऊन वीस दिवस झालेत.